आर्काची जागा

ला पास, १२ जून १९७५

सातुर्निनो दादा,

इतक्या दिवसांनी माझं पत्र आलंय म्हणजे काहीतरी काम असणार, असं म्हणत तू हे बासिलिया वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवशील. वहिनी म्हणेल, "काम नसतं तर त्याला आपण आठवलो असतो होय?" तिला सांग, तिचं बरोबर आहे. काम आहे.

माझी मोठी रचना पुरी झाली. व्हायोलिनं, चेलो, पितळी भोंगे, नगारे, असा अख्खा वाद्यवृंद आणि त्याच्या मधोमध आपला बांबूच्या नळ्यांचा सिकू. संगीत विद्यालयातली म्हातारी मंडळी म्हणत होती, हे दोन्ही एकत्र नांदणार नाहीत. एक उघड्या माळावरचं, दुसरं दिवाणखान्यातलं. पण नांदतात दादा. खाली व्हायोलिनं हळू चालत राहतात आणि वरून आपण दोघं येतो.

'आपण दोघं' हे मी मुद्दाम लिहिलं. इरा माझी आणि आर्का तुझी, लहानपणी होतं तसंच. इथल्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की आमच्याकडे एका माणसाच्या हातात अख्खी चाल कधी देत नाहीत. अर्धे सूर इराच्या नळ्यांत, अर्धे आर्काच्या. इरानं एक सूर टाकायचा, आर्कानं पुढचा द्यायचा, आणि ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. पोरं हसतात. विचारतात, "मग जोडीदार आजारी पडला तर हो?" मी म्हणतो, "तर तो बरा होईपर्यंत थांबायचं." लिहिताना प्रत्येक ओळीत तू श्वास कुठे घेशील ते मला ऐकू येत होतं, हे मात्र त्यांना सांगत नाही.

ऑगस्टच्या शेवटी इथल्या मोठ्या नाट्यगृहात कार्यक्रम आहे. मेस्त्रो इराओला संचालन करणार आहेत. तू येशील ना? नाही म्हणू नकोस. ही रचना तुझ्याशिवाय अर्धी आहे.

तुझा
फेर्मिन

—

चिजिपाता, ६ जुलै १९७५

फेर्मिन, आशीर्वाद.

पत्र मेलितोनच्या ट्रकनं आणलं. त्यानं ते वाटेत अंड्यांच्या टोपलीत ठेवलं होतं, म्हणून एका कोपऱ्यात वाचता आलं नाही. तिथं काही महत्त्वाचं असेल तर पुन्हा लिही.

तुझी वहिनी जे बोलेल असं तू लिहिलंस तेच ती बोलली, शब्दाशब्दानं. मग पत्र ओढून घेऊन तिनं स्वतः वाचलं, आणि नंतर शेगडीपाशी बसून नाक पुसत राहिली. विचारलं तर म्हणते, धूर डोळ्यात गेला.

येणार. यात विचारायचं काय? काका तुला शहरात शाळेत घालायला घेऊन गेले त्या दिवसापासून माझ्या आर्काला कायमचा जोडीदार नाही. ताफ्यात दर वर्षी कुणीतरी इरा धरून माझ्यासमोर उभं राहतं. कधी मेव्हणा, कधी शेजारचा सेनोबियो. वाजवतात बरे. पण सेनोबियो सूर टाकतो आणि मग माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याचं काहीतरी घेऊन पळालोय. तू कधी बघायचा नाहीस. तुला ठाऊक असायचं की मी आहे.

युंगासच्या उतारावरून नवे बांबू मागवलेत. दोन्ही ओळी मीच कापतो, तुझी आणि माझी, एकाच बांबूच्या. तिथं गुळगुळीत वाजवतात असं ऐकतो. सुरातली आपली थरथर मी काढणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

आता कामाचं विचारतो. त्या नाट्यगृहात टायरच्या चपला चालतात का? तुझे ते मेस्त्रो मध्येच कोकाची पानं चघळायला थांबू देतात का? व्हायोलिनवाल्यांनाही पानं आणीन. एवढा वेळ मान वाकडी करून बसायचं म्हणजे त्यांनाही लागत असतील.

सातुर्निनो

—

ला पास, २० सप्टेंबर १९७५

दादा,

उशीर झाला, रागावू नकोस. तू ऑगस्टभर वाट पाहिली असशील. मेस्त्रोंना अचानक परदेशी जावं लागलं आणि कार्यक्रम पुढे गेला. आता तो फेब्रुवारीत आहे.

हे लिहिताना तुझा चेहरा मला दिसतो आहे. फेब्रुवारी म्हणजे ऐन पावसाळा. सिकू कोरड्या दिवसांचा, पावसात फक्त पिंकियोच्या बासऱ्या फुंकायच्या, हे मी विसरलेलो नाही. पण शहरात कुणी हे पाळत नाही. इथे तर नाताळातही सिकू वाजतात आणि पाऊस पडायचा तो पडतोच. मी तारीख बदलायला सांगून पाहिलं. मेस्त्रो म्हणाले, "बटाट्याला विचारून मी नाट्यगृह घ्यायचं का?" सगळे हसले. मीही हसलो.

त्यांनी रचना वाचली आहे. त्यांच्या काही सूचना आहेत, किरकोळच. त्याबद्दल नंतर लिहीन.

वहिनीला नमस्कार.

फेर्मिन

—

चिजिपाता, १९ ऑक्टोबर १९७५

फेर्मिन,

तू हसलास हे लिहायचं काही कारण नव्हतं. मला कळलंच असतं.

फेब्रुवारीत इथं बटाटा फुलावर असतो. त्या दिवसांत सिकू फुंकला की ढग पळतात, नाहीतर चिडून गारा टाकतात, हे आपल्या आज्यानं सांगितलेलं. खरं किती, खोटं किती, मला विचारू नकोस. मी काय शिकलेला आहे? पण शहरातला बटाटा पोत्यात वाढतो, त्याला सिकू ऐकू गेला काय नि नाही गेला काय. आमचा बटाटा जमिनीत असतो.

तुझी वहिनी म्हणाली, "जायचं नाही. त्याला म्हणावं, दुसरा आर्का शोध." मी म्हटलं, "बरं." नंतर मी बाहेर येऊन बसलो. ती मागून आली आणि म्हणाली, "वाजवायचं असेल तर गावापासून लांब जाऊन वाजवा." तिचं असंच असतं. आधी दार लावते, मग खिडकी उघडून देते.

तेव्हा तोड अशी काढलीय. पाऊस सुरू झाला की लव्हाळ्याची होडी घेऊन तळ्यात आत जायचं, किनारा दिसेनासा होईपर्यंत, आणि तिथं तालीम करायची. बटाट्यांना ऐकू जाणार नाही. माशांना जाईल, पण माशांनी आजवर कुणाचं पीक बुडवलेलं नाही. कुणाला सांगणार नाही. ताफ्याचा म्होरक्याच असं करतो म्हटल्यावर गावकी काय म्हणेल तुला ठाऊक आहे.

सूचना कसल्या ते कळव. माझ्या भागात काही बदल असेल तर लवकर सांग. या वयात ओठ हळू शिकतात.

सातुर्निनो

—

ला पास, १५ डिसेंबर १९७५

दादा,

तुझं पत्र वाचून मन भरून आलं. पावसाळ्यात तळ्यात लांब जाऊ नकोस. वारा सुटला तर लव्हाळ्याची होडी काय टिकणार? माझ्यासाठी एवढी तालीम करायची खरंच गरज नाही.

मला वाटतं, तू या प्रवासाचाही फेरविचार करावास. फेब्रुवारीत घाट खचतो. मेलितोनचा ट्रक दोन-दोन दिवस चिखलात बसून राहतो. रचनेतही थोडे बदल होताहेत, मेस्त्रोंना सगळं जरा आटोपशीर हवंय. त्यांच्या ओळखीचा गोन्सालो नावाचा एक तरुण आहे, हुशार आहे, बासरी शिकलेला. तो तालमींना येतो, मदत करतो.

आलास तर पाहुणा म्हणून निवांत ये. तिकीट मी ठेवीन.

फेर्मिन

—

चिजिपाता, ११ जानेवारी १९७६

फेर्मिन,

घाटाची काळजी तू करू नकोस. घाट खचला तर चालत येईन. तिकिटाचं काय लिहिलंस? वाजवणाऱ्याला कुठे तिकीट लागतं? शहराची रीत असेल तर ठेव, मी काही बोलणार नाही.

तो पोरगा मदत करतो हे बरं झालं. एवढ्या कागदांच्या चळतीत तुला कुणीतरी हवंच. त्याच्यासाठी वाळवलेले मासे आणतो.

तालीम चांगली चाललीय. तळ्यात वाजवायला वेगळीच मजा येते. समोर कुणी नाही, म्हणून तुझे सूर मी मनात म्हणतो आणि माझे फुंकतो. परवा एकदा मनातला सूर जरा उशिरा आला तर तुझ्यावर ओरडलोसुद्धा. "जागा आहेस का?" म्हटलं. मग एकट्यालाच हसू आलं.

बासिलिया माझ्यासाठी पांघरायचा पोंचो विणतेय. लाल घेतलाय. म्हणते, त्या काळ्या कोटांच्या गर्दीत दिसला पाहिजे.

सातुर्निनो

—

ला पास, २१ फेब्रुवारी १९७६

दादा,

चार दिवस झाले. तू न सांगता पहाटेच्या ट्रकनं निघून गेलास. उठलो तर खुर्चीवर माशांचं गाठोडं होतं आणि त्यावर माझी इरा. मी रागात आहे आणि रागातच लिहितोय, म्हणजे निदान खरं लिहिलं जाईल.

मी तुला आधी कळवायला हवं होतं, मान्य. पत्रात लिहवेना. स्टँडवर तुझा नवा पोंचो पाहिला तेव्हा बोलवेना. शेवटी खाणावळीत सूप समोर आल्यावर सांगितलं, की मेस्त्रोंना रंगमंचावर एकच वादक हवाय, गोन्सालो दोन्ही ओळी एकत्र बांधून एकटाच वाजवतो, आणि तुझी जागा वर गॅलरीत आहे. तू "बरं" म्हणालास आणि सूपात आणखी ठेचा घातलास. मला वाटलं, तू समजून घेतलंस.

मग ते कशासाठी केलंस?

शेवटच्या भागात गोन्सालो आर्का सोडून ठेवतो आणि नुसती इरा वाजवतो. एक सूर आणि मग रिकामी जागा, पुन्हा एक सूर आणि पुन्हा रिकामी जागा. त्या जागा मी मुद्दाम ठेवल्या होत्या. मेस्त्रोंशी भांडून मिळवलेली तेवढी एकच गोष्ट. तुला रंगमंचावर आणता येत नव्हतं, म्हणून तुझी शांतता तरी तिथे असावी. सगळं नाट्यगृह श्वास रोखून ऐकत होतं. आणि त्या पहिल्याच शांततेत वरून तुझी आर्का वाजली. दुसऱ्या जागेतही वाजली. खाली कुणी हसलं, कुणी शुक् शुक् केलं, गोन्सालो घाबरून मेस्त्रोंकडे बघायला लागला. मी पहिल्या रांगेत होतो. अंधार होता, वर कोण आहे ते मला नीट दिसलंही नाही. दारावरची माणसं गेली आणि तो आवाज थांबला.

माझ्या एवढ्या वर्षांच्या कामावर तू असा राग काढायला नको होतास. मला खाणावळीत दोन शिव्या घातल्या असत्यास तर चाललं असतं.

फेर्मिन

—

चिजिपाता, १४ मार्च १९७६

फेर्मिन,

राग नव्हता रे. राग असता तर मी शिव्याच घातल्या असत्या, माझ्याकडे त्या कमी आहेत का?

खाणावळीत तू सांगितलंस तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण म्हटलं, एवढ्या लांब आलोय तर ऐकून जाऊ. गॅलरीत बसलो. आर्का पोंचोत होती ती सवयीनं. व्हायोलिनं आवडली. खाली ती चालत राहतात आणि वरून सूर येतात असं तू लिहिलं होतंस, तसंच होतं ते. मध्ये एकदा तर आपल्या माळावरचा वारा आला, कुठल्या वाद्यातून आला ते कळलं नाही.

मग त्या पोरानं नुसती इरा सुरू केली. एक सूर टाकला आणि थांबला. पुढचा सूर कुणी देईना. मला वाटलं, याचा जोडीदार आलाच नाही. एवढ्या लोकांसमोर पोरगा एकटा पडला. फेर्मिन, इरा अशी लटकत ठेवतात का कधी? आपल्याकडे दारू पिऊन पडलेला आर्कावालासुद्धा पडल्या जागेवरून सूर देतो. मी उभा केव्हा राहिलो ते मला कळलंच नाही. श्वास आपला आपणच आर्कात गेला.

दारावरचा माणूस आपल्याच बोलीतला होता. "ताता, चला खाली," म्हणाला, हात धरला नाही. बाहेर पाऊस होता, म्हणून दरवाज्याच्या आतल्या पायरीवर बसू दिलं. उरलेलं तिथून ऐकलं. टाळ्या पुष्कळ झाल्या. मला बरं वाटलं.

त्या जागा माझी आठवण म्हणून ठेवल्यास, हे मला काय ठाऊक? आठवण माणूस नसल्यावर ठेवतात. मी वरच बसलो होतो.

इकडे सगळं ठीक. जरा गारा पडल्या. यंदा ताफ्याचं म्होरकेपण सेनोबियोला दिलं, माझा गुडघा दुखतो.

सातुर्निनो

—

ला पास, ३० मे १९७६

दादा,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसतो आणि उठतो, असं दोन महिने चाललंय. "मी वरच बसलो होतो" या ओळीच्या पुढे मला जाताच येत नाही. तिथे तू बसला होतास आणि मी खाली बसून तुझी आठवण काढत होतो, तीसुद्धा कागदावर. ज्या जागा तुझ्या होत्या त्या तू भरल्यास, म्हणून तुला बाहेर काढलं. मला माफ कर, असं लिहिणं फार सोपं आहे. तरी लिहितो. माफ कर.

आता एक गोष्ट सांगतो, तिचं काय करायचं ते मला कळत नाही. वर्तमानपत्रवाल्यांना सगळ्यात जास्त तोच भाग आवडला. त्यांना वाटलं, गॅलरीतून येणारा सूर हा रचनेचाच भाग आहे. एकानं लिहिलं, पर्वत उत्तर देतो. मेस्त्रोंनी कात्रण जपून ठेवलंय. सप्टेंबरात हीच रचना लिमाला होणार आहे, आणि ते मला म्हणाले, "तुझ्या त्या भावाला बोलाव. पुन्हा वरच बसव, लाल पोंचोत."

मी ऐकून घेतलं आणि तुला विचारतो म्हणालो. विचारतो आहे.

फेर्मिन

—

चिजिपाता, २० जून १९७६

फेर्मिन,

नाही.

त्या दिवशी मी धावून गेलो होतो. आता तिथं बसून रोज वेळेवर धावून जायचं, ते मला जमणार नाही. गोन्सालोला सांग, न घाबरता वाजव. आणि त्याला एक जोडीदार दे. कुणीही दे, पण समोर उभा कर.

तू कसा आहेस? जेवतोस का? तुझ्या पत्रातली अक्षरं बारीक झालीत.

सातुर्निनो

—

ला पास, १४ जुलै १९७६

दादा,

मी लिमाला जाणार नाही. तसं मेस्त्रोंना सांगून टाकलं. ते म्हणाले, रचना जाईल, रचनाकार नसला तरी चालतं. ते खरंच आहे.

मी चिजिपाताला येतोय. सान्तियागोच्या जत्रेला. तू कापलेली इरा रोज संध्याकाळी फुंकतो. खालची म्हातारी काठीनं छत ठोकते. ओठ फुटलेत, पण सूर लागायला लागलेत. जत्रेच्या मैदानात, सगळ्या गावासमोर, तुझ्या समोर उभा राहीन. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, आर्का काही गुडघ्यानं वाजवत नाहीत.

तुझं उत्तर यायच्या आधीच मी पोचेन.

फेर्मिन

—

ला पास, ४ ऑगस्ट १९७६

दादा,

पोचलो सुखरूप. मेलितोननं मला अंड्यांशेजारी बसवलं.

जत्रेच्या दिवसाबद्दल आपण दोघं एक अक्षर बोललो नाही. म्हणून लिहितो.

मी आदल्या संध्याकाळी पोचलो, तेव्हा तू तळ्यावर होतास. मी सरळ सेनोबियोकडे गेलो आणि म्हटलं, उद्या मला इरा हवी. तो "उभा राहा," एवढंच म्हणाला. घरी आलो तर तू झोपलेला होतास, किंवा झोपल्यासारखं करत होतास. वहिनी काहीतरी बोलायला आली आणि तशीच परत गेली. सकाळी मैदानात ताफ्याचं वर्तुळ झालं. प्रत्येक इरासमोर एक आर्का उभा राहिला. माझ्यासमोर जागा होती आणि तीत कुणी नव्हतं. मला वाटलं, तू मुद्दाम उशिरा येतोयस, गंमत करायला. नगारा सुरू झाला, पहिला सूर माझा होता, मी तो टाकला. उत्तर आलं नाही.

मग तू मला दिसलास. बघणाऱ्या लोकांत, बायकांच्या मागे, लाल पोंचोत, हात आत घेतलेले. मी पुढचा सूर टाकला. तू मान खाली घातलीस. मी वाजवत राहिलो. सगळा ताफा वाजत होता, जोड्या जोड्यांनी, आणि त्यात माझा एकट्याचा सूर तेवढा लटकत होता. मी तो नाट्यगृहातल्या लोकांसाठी कागदावरच्या पाच रेघांत सुरेख लिहिला होता. मैदानात तो कसा वाटतो ते मला पहिल्यांदा कळलं. तू एकदाही वर बघितलं नाहीस.

संध्याकाळी वहिनीनं शेगडीपाशी सांगितलं. तू शहरात असताना गारा पडल्या. जरा नाही, सगळं फूल झडलं, वरच्या वाफ्यांत बटाटा धरलाच नाही. सेनोबियोनं मासे धरताना तुझा सिकू तळ्यावर ऐकला होता आणि तो गप्प बसला होता. गारा पडल्यावर त्याला गप्प बसवेना. गावकी बसली. तू नाकारलं नाहीस. वर्षभर सिकूला ओठ लावायचा नाही असं ठरलं, म्होरकेपण गेलं. आणि मला तू लिहिलंस, गुडघा दुखतो.

वहिनी म्हणाली, "त्यांनी लिहू दिलं नाही. तुझं मन कामात राहणार नाही म्हणाले."

तू माझ्याकडे बघितलं नाहीस ते योग्यच केलंस. मी तुझ्या जागी असतो तर आलोही नसतो मैदानात.

फेर्मिन

—

चिजिपाता, २९ ऑगस्ट १९७६

फेर्मिन,

बासिलियाच्या तोंडाला कुलूप नाही, हे मला लग्नाच्या वेळीच कुणीतरी सांगायला हवं होतं. आता तिनं पुढचंही सांगून टाक म्हणून माझ्यामागं धोशा लावलाय, तेव्हा सांगतो.

गारा माझ्यामुळे पडल्या की नाही, मला माहीत नाही. दर वर्षी कुठं ना कुठं पडतातच. पण यंदा मी वाजवलं होतं, मग मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? सेनोबियोवर रागावू नकोस. त्याचे वाफे अगदी वरच्या अंगाला आहेत.

मी तुझ्याकडे बघितलं नाही त्याला कारण वेगळंच होतं. तू पहिला सूर टाकलास आणि माझा लगेच तोंडात आला. हात पोंचोत दाबून धरले होते, पण ओठांना कोण धरणार? तू टाकत गेलास आणि माझे ओठ हलत गेले. गावकीची म्हातारी माणसं समोरच बसली होती, त्यांनी पाहिलं असतं तर आणखी एक वर्ष वाढवलं असतं. म्हणून मान खाली घातली. एकही जागा मी रिकामी सोडली नाही रे. तुला ऐकू आलं नाही, एवढंच.

तुझा वाजवण्यातला दम कमी झालाय. शेवटच्या फेरीत दोनदा घाई केलीस. बाकी बरं होतं.

आता एक विचारतो, विचारू नये कदाचित. त्या दिवशी नाट्यगृहात मी वाजवलं तेव्हा तू वळून वर पाहिलंस. अंधार होता असं तू लिहिलंस, पण तुझ्या रांगेवर दिवा होता, मला तुझा चेहरा दिसला. तुलाही माझा पोंचो दिसला असणार, त्यासाठीच तर तो विणला होता. मग तू मांडीवरच्या कागदात डोकं घातलंस. तेव्हापासून एक गोष्ट मनात आहे. वाटतं, माझ्यासारखंच असेल तुझंही. चारचौघांत दिसू नये म्हणून खाली बघितलं असशील.

फेर्मिन, तेव्हा तुझेही ओठ हलत होते का?

सातुर्निनो

—

ला पास, १७ सप्टेंबर १९७६

दादा,

"हो" असं लिहिलेले कितीतरी कागद फाडले. ते वाचून तुला बरं वाटलं असतं, आणि खरं काय ते तुला कधीच कळलं नसतं.

पोंचो मला दिसला होता. तुझं तोंडही दिसलं होतं. माझ्या शेजारी मंत्र्यांची बायको होती. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "कोण हो हा?" मी म्हणालो, "कुणास ठाऊक."

ओठ हलत नव्हते, दादा. घट्ट मिटलेले होते.

फेर्मिन